शाळेतले चौदा दिवस आणि खर्र्याची तलफ

२०२० च्या एप्रिलमधे, कोरोनाच्या साथीत, आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा क्वारंटाईन सेंटर झाली आणि मी तिथलाच शिक्षक म्हणून माझी ड्युटी लागली. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातलं, धानाचा पट्टा. धानाची कामं संपली की इकडचे लोक दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातात, बायाच जास्त, आणि २५ मार्चला लॉकडाऊन लागलं तेव्हा ते सगळे तिकडंच अडकले. मग कोणी पायी, कोणी ट्रकमधे बसून, पाय सुजलेले, अशा हालतीत गावाच्या वेशीवर पोचले तर गावानं त्यांना घरी जाऊ दिलं नाही, थेट शाळेत. १९ माणसं, तीन वर्गखोल्या, १४ दिवस.

हे १४ दिवस कुठून आले तर विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ५ दिवस लागायचे पण काहींना १४ पर्यंत लागू शकायचे, म्हणून तेवढं थांबायचं. आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, रोज सकाळी येऊन ताप बघायची. ताप कोणालाच आला नाही. पण तिसऱ्या दिवशी भांडणं सुरू झाली. बादलीवरून, पंख्याखालच्या जागेवरून, कोणी जोरात बोललं म्हणून. एक शांत स्वभावाची मावशी, जिला मी वीस वर्षांपासून ओळखतो, ती रडायला लागली आणि म्हणाली, "सर, काही दुखत नाही जी, पण जीवच लागत नाही."

गावात सगळे म्हणत होते की कोंडून ठेवल्यामुळे डोक्यावर परिणाम झाला. ते थोडंफार खरं असेलही, पण तिसराच दिवस का, हे मला तेव्हा खटकलं आणि मग लक्षात आलं की शाळेत आल्यापासून यांना खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, मिळालेला नाही. पानठेले बंद होते, १५ एप्रिलच्या केंद्राच्या आदेशात तर तंबाखू विकायला आणि उघड्यावर थुंकायला स्पष्ट मनाई होती. जो काही चोरून मिळत होता तो आमच्या गावात २० चा ५० ला गेला होता आणि या लोकांच्या खिशात तेवढे पैसेही नव्हते.

खर्रा माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. सुपारीची बारीक कतरण, सुगंधी तंबाखू आणि चुना, हे प्लास्टिकच्या पन्नीत टाकून पाटीवर घोट घोट घोटतात, मग त्याला गाठ मारून देतात. आमच्याकडे पुरुष खातात, बाया खातात, शाळेतली पोरंही खातात हे लिहिताना मला वाईट वाटतं पण खोटं लिहून काय उपयोग.

त्यातला चुना हा फक्त चवीसाठी नसतो, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तंबाखूतलं निकोटीन हे आम्लारी जातीचं, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, रसायन आहे. साध्या लाळेत त्याच्या बहुतेक कणांवर विद्युत भार असतो आणि भार असलेला कण गालाच्या आतल्या पातळ कातडीतून सहज आत जात नाही. चुना टाकला की तोंडातलं पाणीही आम्लारी होतं, कणांवरचा भार निघून जातो आणि निकोटीन गालातून सरळ रक्तात उतरतं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी कुठलीही प्रयोगशाळा न बघता हे रसायनशास्त्र हातानं शोधून काढलं होतं. बिडी-सिगारेटचं निकोटीन काही सेकंदात मेंदूत पोचतं, खर्र्याचं हळूहळू चढतं, पण गालात दाबून ठेवलेला असेपर्यंत चढत राहतं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासात निम्म्यावर येतं, म्हणून दिवसभर दर दोन-तीन तासांनी हात खिशाकडे जातो, आणि रात्रभराच्या झोपेनंतर सकाळी ते जवळपास तळाला गेलेलं असतं म्हणून उठल्या उठल्याची पहिली तलफ सगळ्यात कडक.

सोडल्यावर काय होतं तेही ठरलेलं आहे. पहिल्या २४ तासात अस्वस्थपणा सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट असतं, चिडचिड, झोप न लागणं, सारखी भूक, कशात लक्ष न लागणं, आणि मग दोन ते चार आठवड्यात हळूहळू कमी होतं. पोट साफ न होणं हेही त्यातलंच, कारण निकोटीन आतड्यांना हलवतं. "खर्रा खाल्ल्याशिवाय होतच नाही जी" असं लोक म्हणतात ते खोटं नाही, फक्त ती सवय खर्र्यानंच लावलेली असते आणि काही दिवसात आतडं आपलं आपण चालायला लागतं. हे मी चौथ्या दिवशी व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं. त्या मावशीनं विचारलं, "म्हणजे मी येडी नाही होऊन राहिली ना?" नाही म्हटलं मावशी, तुमचा मेंदू हिशोब मागत आहे, अजून चार-पाच दिवस मागेल मग आवाज कमी होईल. तिच्या चेहऱ्यावर जो सुटल्यासारखा भाव आला तो मला अजून दिसतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून कोणीतरी एक पुडी आत फेकली. मी हँडपंपाजवळ होतो. पन्नी जमिनीवर पडली तेव्हा जेमतेम चुरचुर झाली असेल, पण कडुलिंबाखाली बसलेल्या सात-आठ जणांच्या माना एकदम वळल्या, आणि अजून कोणी ती उघडलेलीही नव्हती.

यामागचं कारण एका स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगात सापडतं. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ नावाचे शास्त्रज्ञ माकडांच्या मेंदूतल्या डोपामाईन (हवंहवंसं वाटण्याशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) सोडणाऱ्या पेशींची हालचाल मोजत होते. माकडाला फळाचा रस दिला की त्या पेशी चमकायच्या. मग त्यांनी रस देण्याआधी दिवा लावायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसात पेशी रसाला नाही तर दिव्याला चमकायला लागल्या, रस प्रत्यक्ष आला तेव्हा काहीच नाही. आणि दिवा लावून रस दिलाच नाही तर त्या पेशी नेहमीपेक्षाही खाली गेल्या. म्हणजे मेंदूला वस्तूपेक्षा वस्तू येणार याची चाहूल जास्त हलवते, आणि चाहूल लागून वस्तू आली नाही तर माणूस नुसता निराश होत नाही, खड्ड्यात जातो. पन्नीचा आवाज हा आमच्या लोकांचा दिवा आहे. ती पुडी मी उचलून नेली तेव्हा एक पोरगा माझ्यावर असा धावून आला की दोघांनी धरला, आणि रात्री येऊन पाया पडला. मला त्याचा राग आला नाही, येण्यासारखं काही नव्हतंच.

या पोराबद्दल अजून सांगायचं आहे. वय २४. दोन महिने मिरची तोडून आलेला, आणि शाळेत जेवणाच्या वेळी भाजीत पाणी टाकून खायचा, तिखट लागलं की डोळ्यात पाणी. आशाताईच्या ते लक्षात आलं. तिनं त्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितलं. निरोगी माणसाची तीन बोटं बसतात. याची दोन पण जेमतेम बसली. सुपारीत अ‍ॅरेकोलीन नावाचं रसायन असतं, ते गालाच्या आतल्या पेशींना जास्तीचे तंतू बनवायला लावतं, आणि ते तंतू साठत साठत गाल आतून चामड्यासारखा कडक होत जातो, आधी तिखट झोंबतं मग तोंड उघडणं कमी होतं. एकदा कडक झालेला गाल पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि यातल्या काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मधेच जाहीर केलेलं आहे, तरी अजूनही "मी साधी सुपारी खातो" असं लोक बिनधास्त सांगतात. पोराला नंतर चंद्रपूरला दाताच्या डॉक्टरकडे नेलं, खर्रा तोडला तर आजार आहे तिथंच थांबेल असं ते म्हणाले.

हे शाळेतलं झालं, बाकी गाव तरी कुठं बरं होतं. घरोघरी वेळेचा पार चिखल झाला होता. माणसं पहाटे तीनपर्यंत मोबाईल बघायची, तलावाच्या पारीवर टॉवर पकडतो म्हणून पोरं अर्ध्या रात्री तिथं जाऊन लुडो खेळायची, सकाळी दहाला उठायची, दुपारी जेवून कूलरसमोर परत झोपायची. माझंही तेच झालं होतं. ड्युटीवरून आलो की बातम्या बघत दोन वाजायचे आणि सकाळी डोकं जड. घरात चार वेळचा चहा आठ वेळा व्हायला लागला. चहातलं कॅफिन निम्मं व्हायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे रात्री आठला पिलेला कप एक वाजता अर्धा अंगातच असतो, आणि झोप नाही म्हणून सकाळी परत चहा.

पण मुळात झोप का सरकते? १९६२ मधे मिशेल सिफ्र नावाचा एक फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने एकटा राहिला. झोप आली की झोपायचं, भूक लागली की खायचं, आणि वरच्या सहकाऱ्यांना फोन करून फक्त कळवायचं. १४ सप्टेंबरला त्याला सांगितलं की मुदत संपली, तर त्याच्या हिशोबानं तेव्हा २० ऑगस्टच होता. मनाचा हिशोब २५ दिवसांनी चुकला पण शरीराचं झोपणं-उठणं मात्र साधारण २४ तासांच्या चक्रातच चालू होतं, जरा जास्तीचं. हे आतलं घड्याळ पेशीत कसं चालतं ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आणि नंतरच्या नीट मोजलेल्या प्रयोगात माणसाचं घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचं निघालं. म्हणजे ते रोज थोडं मागे पडतं आणि रोज कोणीतरी ते लावून द्यावं लागतं. लावून देतो तो सकाळचा उजेड.

आता आमच्या कवेलूच्या घरात माजघरात दिवसा उजेड किती असेल, शे-दोनशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). बाहेर उन्हात लाखाच्या आसपास. डोळ्याला दोन्ही उजेडच वाटतात पण मेंदूतल्या घड्याळाला नाही. पहाटे मोहफुलं वेचायला जाणारी माणसं, सहाला वावरात पोचणारी माणसं, पोलिसांच्या भीतीनं घरात बसली आणि रात्री डोळ्याजवळ निळसर उजेडाचा मोबाईल आला, म्हणजे सकाळचा धक्का गेला आणि रात्रीचा उलटा धक्का आला. त्यात मे उजाडला. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं आणि आमच्या विदर्भात त्या वर्षी मेच्या शेवटी पारा ४६-४७ च्या घरात होता, रात्री भिंतीसुद्धा गरम.

एक गंमत सांगतो, त्या दिवसात माझी म्हातारी आई मात्र घड्याळासारखी चालली. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण परत सुरू झालं होतं, सकाळी ९ ला आणि रात्री ९ ला. ती सहाला उठून अंगण सारवून, आंघोळ करून नऊच्या आत टीव्हीसमोर, आणि रात्री दहाला मालिका संपली की खाटेवर. दिवसाला दोन खुंट्या ठोकल्या होत्या तिनं आणि बाकी दिवस त्यांच्यामधे ताणून बसवला. माझ्या झोपेवर उपाय म्हणून मी तेच केलं, सकाळी साडेसहाला अंगणात खुर्ची टाकून अर्धा तास बसायचं, ढग असो का ऊन असो, फोन घरात. आठवड्याभरात रात्री अकराला डोळे मिटायला लागले.

शाळेतल्या लोकांनाही मी असंच काहीतरी द्यायचा प्रयत्न केला. सवय ही वेळ आणि जागा यांना चिकटलेली असते, म्हणून जेवणानंतरची जी खर्र्याची वेळ होती तिथं भाजलेले धने-बडीशेप ठेवली, चार वाजताच्या तलफीला सगळ्यांनी झाडांना पाणी घालायचं. तलफ आली तरी ती काही मिनिटंच जोरात असते, तेवढी टळली की ओसरते. नवीन सवय लागायला २१ दिवस लागतात असं सगळीकडे सांगतात, पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला त्यात साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तरी काही बिघडत नव्हतं. हे लोकांना जरूर सांगायला पाहिजे, कारण आमच्याकडे एक खर्रा खाल्ला की "तुटला आता नेम" म्हणून माणूस परत दिवसाला दहावर जातो.

जागेचा जोर किती असतो याचं मोठं उदाहरण म्हणजे व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक. तिकडे असताना जवळपास पाचातला एक जण हेरॉईनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ नंतर त्यांचा पाठपुरावा केला तर घरी आल्यावर वर्षभरात त्यातले शंभरात पाचच्या आसपासच परत व्यसनी झाले होते. जागा सुटली, संगत सुटली, रोजच्या खुणा सुटल्या. आमच्या लोकांचं उलटं होतं. त्यांची जागा १४ दिवसांपुरतीच बदलली होती आणि परत त्याच गावात, त्याच रस्त्यानं जायचं होतं, याची मला रोज काळजी वाटायची.

पंधराव्या दिवशी सकाळी आशाताईनं शेवटचा ताप बघितला, सही-अंगठे झाले, आणि १९ जण गाठोडी डोक्यावर घेऊन निघाले. मी फाटकापर्यंत गेलो. तो २४ वर्षांचा पोरगा सगळ्यात पुढे, घरी जायच्या घाईत, मागच्या दहा दिवसात त्यानं खर्र्याचं नावही काढलं नव्हतं. शाळेपासून पन्नास पावलांवर बंद पानठेला आहे, महिनाभर कोणी उघडला नव्हता, समोर कुत्रं झोपलेलं. पोरगा तिथं पोचला, रस्ता सोडून ठेल्याकडे वळला, फळीपुढे उभा राहिला आणि त्याचा हात शर्टच्या वरच्या खिशात गेला. आशाताईनं मागून हाक मारली, "काय झालं रे?"

तो दचकला. खिशातला हात काढून बघितला आणि म्हणाला, "काही नाही जी ताई. पायच वळले."