लोथियन बर्थ कोहॉर्ट्स (एडिनबरा युनिव्हर्सिटीचा म्हातारपणावरचा अभ्यास)

लोथियन बर्थ कोहॉर्ट्स हे स्कॉटलंडमधल्या एडिनबरा युनिव्हर्सिटीचे दोन लांबलचक चाललेले अभ्यास आहेत, एक १९२१ साली जन्मलेल्यांचा आणि दुसरा १९३६ साली जन्मलेल्यांचा (बर्थ कोहॉर्ट म्हणजे एकाच वर्षी जन्मलेल्यांचा गट). वय वाढत जातं तसं कोणाचं डोकं तल्लख राहतं, कोणाचं मंदावतं आणि का, हा यांचा मुख्य प्रश्न. आता हा प्रश्न विचारणारे रिसर्च जगभर ढिगाने आहेत, पण यांच्याकडे जे आहे ते बाकी जवळपास कोणाकडेच नाही, ते म्हणजे याच माणसांचे वयाच्या अकराव्या वर्षीचे बुद्धिमत्ता चाचणीचे मार्क. आयतेच मिळालेले, कित्येक दशकांपूर्वीचे, कागदावर लिहून ठेवलेले.

ते कसे मिळाले ही गोष्ट मोठी मजेशीर आहे. १ जून १९३२ या एकाच दिवशी स्कॉटलंडच्या शाळांमधल्या १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या पोरांना एकच पेपर दिला गेला, ८७,४९८ पोरं बसली. पेपर ४५ मिनिटांचा, नाव मरे हाऊस टेस्ट नंबर १२, तो एडिनबराचेच प्राध्यापक गॉडफ्री थॉमसन यांच्या देखरेखीखाली तयार झालेला, आणि त्यात गणितं, शब्दांचे विरुद्ध अर्थ, सांकेतिक लिपी उलगडणं, म्हणींचा अर्थ लावणं असं सगळं मिसळलेलं होतं. मग ४ जून १९४७ ला तोच प्रकार परत केला, या वेळी १९३६ ची पोरं, ७०,८०५. दुसऱ्यांदा का केला तर त्या काळात बऱ्याच शहाण्या लोकांना भीती वाटत होती की ज्या घरांत मुलं जास्त त्या घरांतल्या मुलांना मार्क कमी पडतात, म्हणजे पिढीगणिक देश मठ्ठ होत चाललाय. या विचारामागे वंशशुद्धीवाल्यांचा वास होता हे सांगायलाच हवं. प्रत्यक्षात १९४७ ची सरासरी आधीपेक्षा थोडी जास्तच निघाली आणि ती भीती तिथेच निकालात निघाली. असा अख्ख्या देशातल्या एका वयाच्या पोरांचा पेपर दोनदा घेणारा देश स्कॉटलंड सोडून दुसरा नाही.

निकालाची हाताने लिहिलेली रजिस्टरं नंतर पडून राहिली. १९९० च्या दशकाच्या शेवटी इयन डिअरी हे मानसशास्त्राचे प्राध्यापक आणि लॉरेन्स व्हॉली हे मानसोपचारतज्ज्ञ त्या रजिस्टरांपर्यंत पोचले, काही जिल्ह्यांची, म्हणजे फाइफ, विगटाउन, अँगस वगैरेंची १९३२ ची रजिस्टरं गायब होती पण बाकी बहुतेक शाबूत. आपल्याकडच्या चौथीच्या स्कॉलरशिपचे साठ वर्षांपूर्वीचे मार्क अख्ख्या राज्याचे कुठल्या तळघरात नीट सापडतील का याचा विचार केला की या नशिबाची किंमत कळते.

पहिला प्रयोग अबर्डीनला झाला. १ जून १९९८, म्हणजे पहिल्या पेपरला बरोबर ६६ वर्षं झाली त्या दिवशी, तिथल्या म्युझिक हॉलमध्ये ७७ वर्षांच्या आजी-आजोबांना बोलावून तोच पेपर परत सोडवायला दिला, सूचना त्याच, वेळ तीच. या अभ्यासात एकूण १०१ जणांचे दोन्ही वेळचे मार्क जुळवता आले आणि त्यांच्यातला सहसंबंध ०.६३ निघाला (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे तंतोतंत जुळणं). हा आकडा मानसशास्त्रात खूप मोठा मानतात. साध्या भाषेत, अकराव्या वर्षी जो वर्गात पुढे तो सत्त्याहत्तरीतही बऱ्यापैकी पुढेच, पण "बऱ्यापैकी" यातच सगळी गंमत आहे, कारण म्हातारपणी माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला साधारण अर्धा लहानपणापासूनच आलेला असतो आणि उरलेला अर्धा मधल्या आयुष्यात कुठेतरी तयार होतो. डिअरींना आणि नंतर सगळ्या टीमला रस आहे तो या उरलेल्या अर्ध्यात.

कोहॉर्टमध्ये कोण कोण

१९२१ वाल्या गटात ५५० जण आले, त्यांची पहिली तपासणी साधारण ७९ व्या वर्षी, १९९९ ते २००१ दरम्यान झाली. १९३६ वाल्या गटात १,०९१ जण, त्यांची पहिली तपासणी २००४ ते २००७ मध्ये, वय ७० च्या आसपास. सगळे एडिनबरा आणि भोवतालच्या लोथियन भागात राहणारे. वयाने मोठ्या गटाला नव्वदी पार होईपर्यंत परत परत बोलावलं गेलं, धाकट्या गटाला दर तीनेक वर्षांनी, ७३, ७६, ७९, ८२ असं. दर खेपेला स्मरणशक्ती, विचाराचा वेग, शब्दसंपत्ती यांच्या टेस्ट, रक्त, फुप्फुसांची ताकद, हाताची पकड, चालण्याचा वेग, आणि काय खाता, काय पिता, कोणाला भेटता याची मोठीच्या मोठी प्रश्नावली. ७३ पासून धाकट्या गटाच्या मेंदूचं एमआरआय पण. डिअरींच्या जोडीला वृद्धांचे डॉक्टर जॉन स्टार होते, आता सूत्रं सायमन कॉक्स यांच्याकडे आहेत. पैशांचा मोठा वाटा एज यूके या ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थेने उचलला.

कॉफी, वाइन आणि उलटी गाडी

या अभ्यासाचं खरं काम इथे सुरू होतं आणि माझ्या मते प्रत्येक पेपरवाचकाने निदान हा भाग तरी वाचावा. सत्तरीतल्या लोकांचे मार्क आणि त्यांच्या सवयी शेजारी ठेवल्या तर दिसतं की जास्त कॉफी पिणाऱ्यांची बुद्धी तल्लख आहे. माफक दारू पिणाऱ्यांचीही. भूमध्य समुद्राकडचा आहार, म्हणजे भाज्या, फळं, कडधान्यं, ऑलिव्ह तेल, मासे असं खाणाऱ्यांचीही. दुसऱ्या कुठल्याही अभ्यासात इथेच थांबले असते आणि "रोज दोन कप कॉफी, मेंदू राहील टवटवीत" अशी बातमी व्हॉट्सॲपवर सकाळच्या गुड मॉर्निंगसोबत आली असती.

एडिनबरावाल्यांनी हिशेबात अकराव्या वर्षीचे मार्क आणि सामाजिक स्तर घातले आणि कॉफीचा बहुतेक सगळा फायदा उडाला, दारूचा बराचसा गेला, आहाराचाही खूप कमी झाला. कारण सरळ आहे, जी पोरं अकराव्या वर्षी हुशार होती ती शिकली, बरी नोकरी मिळाली, हातात पैसा आला, आणि मग तीच मंडळी सत्तरीत चांगली कॉफी, जेवणासोबत एखादा ग्लास वाइन आणि ताजी भाजी अशा राहणीत दिसतात. म्हणजे कॉफीने डोकं चांगलं ठेवलं असं नाही, डोकं आधीपासून चांगलं होतं म्हणून माणूस त्या राहणीत पोचला. गाडी उलटी जोडलेली होती. लहानपणीचा आकडा हाताशी नसेल तर ही उलटी गाडी ओळखायला फार अवघड जाते, आणि जगातल्या बहुतेक अभ्यासांत तो आकडा नसतोच.

मग टिकलं काय

सगळंच उडालं असं मात्र नाही. सिगरेट टिकली, वाईट बाजूने. पाचशेच्या वर लोकांच्या स्कॅनवरून दिसलं की ओढणाऱ्यांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण पातळ होतं, सोडलेल्यांचं हळूहळू काही प्रमाणात भरून येतं असं वाटतं, पण खूप ओढणाऱ्याला पूर्ण भरून यायला २५ वर्षांच्या आसपास लागावीत असा अंदाज निघाला, २०१५ चा हा शोधनिबंध आहे. व्यायामही टिकला. ७३ व्या वर्षी ज्यांची हालचाल जास्त त्यांचा मेंदू कमी आक्रसलेला, मेंदूतल्या पांढऱ्या भागाचं, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंचं, नुकसान कमी. गंमत म्हणजे गप्पाटप्पा, क्लब, वाचन अशा "डोक्याला खाद्य" देणाऱ्या गोष्टींचा मेंदूच्या आकारावर तसा परिणाम या तपासणीत दिसला नाही. (कट्ट्यावर बसणाऱ्या आजोबांनी मनाला लावून घेऊ नये, आनंद मोजायला ही तपासणी नव्हती.) आहाराचं जरा गुंतागुंतीचं आहे, बुद्धीच्या मार्कांवर फायदा फारसा दिसला नाही पण ७३ ते ७६ या तीन वर्षांत ज्यांचा आहार भूमध्य पद्धतीपासून लांब होता त्यांच्या मेंदूचं आकारमान जास्त घटलं, आणि त्याचं श्रेय नुसतं मासे जास्त किंवा मटण कमी यांना देता आलं नाही.

जीन्सचा पण वाटा आहे. एपीओई नावाच्या जीनचा ई४ हा प्रकार अल्झायमरशी जोडलेला म्हणून बदनाम, तर १९२१ वाल्यांमध्ये तो असलेल्या आणि नसलेल्यांच्या अकराव्या वर्षीच्या मार्कांत काहीच फरक नव्हता, ऐंशीच्या आसपास मात्र फरक पडलेला. म्हणजे हा जीन बुद्धी ठरवत नाही, तिचं वय वाढणं कसं होतं त्यात ढवळाढवळ करतो. वाचणाऱ्याला हा एकच निष्कर्ष समजला तरी या अभ्यासाची पद्धत समजली, कारण दोन टोकांचे आकडे नसते तर हे दिसलंच नसतं. शिवाय रक्तातल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून शरीराचं "खरं" वय काढायची जी पद्धत आहे तिची परीक्षाही याच लोकांच्या रक्तावर झाली. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की ज्यांचं हे वय जन्मतारखेच्या वयापेक्षा पाच वर्षांनी पुढे त्यांचा मृत्यूचा धोका साधारण २१ टक्क्यांनी जास्त, इतर गोष्टी धरल्यावर १६.

या सगळ्यावर टीमचं म्हणणं असं की एकच रामबाण उपाय नाही, बारीकसारीक फायदे गोळा करत जायचे, प्रत्येकाचा वाटा फारच छोटा. हे ऐकायला कंटाळवाणं आहे म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही.

दुसरी भाषा

भारतीय वाचकाला सगळ्यात जवळचा वाटेल असा शोधनिबंध २०१४ चा आहे, एडिनबराचे संशोधक थॉमस बाक आणि सहकाऱ्यांचा. १९३६ गटातल्या ८५३ जणांची २००८ ते २०१० मध्ये तपासणी झाली, सगळे जन्मतः इंग्रजीवाले, त्यातल्या २६२ जणांना आणखी किमान एका भाषेत बोलता येत होतं. या लोकांचे मार्क लहानपणीच्या मार्कांवरून जेवढे अपेक्षित होते त्यापेक्षा चांगले निघाले, जास्त करून एकूण बुद्धी आणि वाचन यांत, आणि अठराव्या वर्षानंतर भाषा शिकलेल्यांमध्येही. "हुशार होते म्हणूनच भाषा शिकले असतील" हा नेहमीचा आक्षेप इथे बराच लंगडा पडतो. पण बराच म्हणजे पूर्ण नाही, आणि दोन भाषांमुळे मेंदूला फायदा होतो की नाही यावर संशोधकांत अजून जोरात भांडण आहे.

याच बाक यांचं नाव हैदराबादच्या कामावरही आहे. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटच्या मेमरी क्लिनिकमधल्या ६४८ डिमेन्शिया (म्हातारपणी स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा आजार) पेशंटचा अभ्यास सुवर्णा आल्लाडि यांच्या टीमने २०१३ मध्ये छापला, त्यात ३९१ जण दोन किंवा जास्त भाषा बोलणारे होते आणि त्यांच्यात आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांच्यातही. तेलुगू, दख्खनी, हिंदी रोजच्या व्यवहारात सहज मिसळणारं शहर, त्यामुळे "परदेशातून आले म्हणून दोन भाषा" ही पाश्चात्त्य देशांतली अडचण इथे नव्हती. मात्र हा अभ्यास क्लिनिकमध्ये पोचलेल्यांचा, आणि अकराव्या वर्षीचा पेपर इथे कोणाचाच नव्हता. दोन्ही कामं शेजारी ठेवून वाचली तर एकाची उणीव दुसरं थोडी भरून काढतं.

मर्यादा

जे आले ते आपणहून आले, म्हणजे बऱ्यापैकी धडधाकट आणि सरासरीपेक्षा जास्त शिकलेले. जवळजवळ सगळे गोरे स्कॉटिश, एकाच भागात राहणारे. जे आजारी पडले ते पुढच्या खेपेला आले नाहीत, त्यामुळे उरलेल्यांचं चित्र खऱ्यापेक्षा गुलाबी दिसू शकतं. आणि लहानपणीचे मार्क धरले तरी हा निरीक्षणाचाच अभ्यास, कोणाला मुद्दाम कॉफी पाजून वा बंद करून बघितलेलं नाही. काही सदस्यांनी मृत्यूनंतर मेंदू दान करायचं कबूल केलं आहे, त्या मेंदूंमधल्या पेशींच्या जोडण्या तपासून जिवंतपणीच्या मार्कांशी पडताळण्याचं काम टारा स्पायर्स-जोन्स यांच्यासारखे एडिनबराचे लोक करतात.

भारतात

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारं काम म्हणजे लासी (लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया, म्हणजे वय वाढत जाणाऱ्या भारतीयांची देशभरची फेरीफेरीने होणारी पाहणी), त्याचा कारभार मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालतो, सोबत हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी. पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ च्या पुढचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर माणसं, अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. आकाराने लोथियनच्या कितीतरी पट मोठं आणि पूर्ण देशाचं चित्र देणारं. यातूनच पुढे डिमेन्शियाची वेगळी तपासणी झाली आणि २०२३ मध्ये अंदाज आला की साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. शाळेत न गेलेल्या माणसाची स्मरणशक्ती कशी तपासायची हा प्रश्न एडिनबराला कधी पडला नाही, इथे मात्र तो पहिल्या दिवसापासून होता, त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी बेतलेल्या चाचण्या वापराव्या लागल्या. लहानपण मात्र लासीत माणसाच्या आठवणीतूनच येतं, घरची परिस्थिती कशी होती, तब्येत कशी होती असं विचारून. आणि ज्याची स्मरणशक्ती तपासायची त्याच्याच स्मरणशक्तीवर त्याच्या लहानपणाच्या माहितीसाठी भिस्त ठेवायची, ही अडचण पुढच्या फेऱ्या कितीही झाल्या तरी राहणार आहे.