चौकटीच्या कडेला मजकूर बसवणे

पानाची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ज्या चौकटीत, म्हणजे टेक्स्ट फ्रेममध्ये, ओतला जातो तिच्या कडेला अक्षरांची कड तंतोतंत टेकवण्याचे काम. ऐकायला किरकोळ वाटते, पण मराठीत ते बरेच डोके खाते.

सांगलीतल्या हळदीच्या पाकिटाचे लेबल घ्या. डावीकडे पिवळा पट्टा, शेजारी २४ पॉइंटात ‘सांगली हळद’. अक्षरांचा माथा पट्ट्याच्या वरच्या कडेशी समपातळीत हवा. स्क्रीनवर फ्रेम पट्ट्याला बरोबर चिकटलेली दिसते, तरी प्रूफवर, म्हणजे तपासणीच्या छापील प्रतीवर, अक्षरे दीड-दोन मिलिमीटर खाली उतरलेली असतात. ऑपरेटरचा हात चुकलेला नसतो. सॉफ्टवेअर फ्रेम लावते, अक्षरे नाही. आणि फ्रेमची कड व अक्षराची कड यांच्यामध्ये फॉन्टने राखलेली पांढरी जागा असते.

ही जागा खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, काळापासूनची आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले तेव्हा अक्षर शिशाच्या ठोकळ्यावर असे आणि ठोकळा अक्षरापेक्षा मोठा असे. ते जुळवणारा जुळारी ठोकळे एका रेषेत लावी. शाई लागे ती आतल्या अक्षराला. पानमांडणीची सॉफ्टवेअर आली, पेजमेकर १९८५ मध्ये आणि इनडिझाइन १९९९ मध्ये, ठोकळा अदृश्य झाला, पण गेला नाही.

इनडिझाइनमध्ये कंट्रोल-बी दाबल्यावर टेक्स्ट फ्रेमचे पर्याय उघडतात. त्यात पहिल्या ओळीची बेसलाइन, म्हणजे अक्षरांचा पाय टेकतो ती रेघ, वरच्या कडेपासून किती खाली असावी हे ठरवण्याचे पाच मार्ग आहेत: असेंट (फॉन्टमधल्या उंच अक्षरांची उंची), कॅप हाइट, लीडिंग (ओळींमधले अंतर), एक्स हाइट (लहान x ची उंची) आणि फिक्स्ड (आपण दिलेला आकडा). मुळात असेंट लावलेला असतो. कॅप हाइट इंग्रजी मथळ्याला छान बसते, कारण ती मोठ्या रोमन अक्षरांची उंची आहे. देवनागरीची शिरोरेषा त्याच उंचीवर असेलच असे नाही. ते फॉन्ट आखणाऱ्यावर अवलंबून. शिवाय शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि ‘सांगली’तला अनुस्वार उरतोच. मग माथा कुठला धरायचा? शिरोरेषा. डोळा तीच रेघ पकडतो. अनुस्वार आणि वेलांटी कडेबाहेर डोकावली तरी खटकत नाही. मात्र ती कड कागद कापण्याची असेल तर हा नियम चालत नाही, वेलांटी ब्लेडखाली जाते.

म्हणून मराठीसाठी फिक्स्ड हाच भरवशाचा पर्याय. त्यात शून्य टाकले की बेसलाइन थेट वरच्या कडेवर येते आणि अक्षरे फ्रेमच्या बाहेर उभी राहतात. मग शिरोरेषा कडेला टेकेपर्यंत आकडा वाढवायचा. समजा २४ पॉइंटला तो १६ निघाला, तर त्याच फॉन्टात ३६ पॉइंटला २४ येईल. प्रमाण बदलत नाही. हे गुणोत्तर फॉन्टच्या नावापुढे वहीत लिहून ठेवावे. ओळ बेसलाइन ग्रिडला, म्हणजे पानभर सारख्या अंतरावर आखलेल्या रेघांना, बांधलेली असेल तर मात्र आकडा काहीही टाका, ती ग्रिडच्याच रेघेवर जाऊन बसते.

फ्रेमची कड आणि मजकूर यांमधले आतले अंतर, म्हणजे इनसेट, आधी तपासावे. इनडिझाइनमध्ये ते मुळात शून्य असते. जुन्या क्वार्कएक्सप्रेसमध्ये एक पॉइंट असे, आणि वर्डच्या टेक्स्ट बॉक्समध्ये डावी-उजवीकडे दशांश इंच असते.

डाव्या कडेला देवनागरीची थोडी सोय आहे. शेजारच्या अक्षराला जुळावी म्हणून शिरोरेषा सहसा अक्षराच्या पूर्ण रुंदीभर ओढलेली असते, त्यामुळे ‘क’ किंवा ‘म’ने सुरू होणारी ओळ कडेला नीट टेकते. ‘ध’ आणि ‘भ’ दगा देतात: त्यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली, म्हणून ‘धनगर’ हा मथळा ‘मगर’पेक्षा आत सरकल्यासारखा दिसतो. तिथे हातानेच किंचित बाहेर ढकलावे लागते. उताऱ्याच्या सुरुवातीच्या अवतरणचिन्हासाठी स्टोरी पॅनेलमधले ऑप्टिकल मार्जिन अलाइनमेंट पुरते.

कोरलड्रॉ हे चित्र-आरेखनाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा मार्ग सरळ आहे. साताऱ्यातला एखादा लग्नपत्रिकावाला कंट्रोल-क्यू दाबून मजकुराचे कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करतो. आता वस्तूची कड म्हणजे खरी शाईची कड, मात्रांसकट. मग जिला टेकवायचे ती वस्तूही सोबत निवडून टी (वरची कड) किंवा एल (डावी कड) दाबले की काम झाले. पण टीने वेलांटीचे टोक कडेला लागते, शिरोरेषा नव्हे. आणि कर्व्हपूर्वीची प्रत वेगळ्या नावाने ठेवलेली नसेल, तर मामांच्या नावातला ऱ्हस्व उकार दीर्घ करायला सगळी ओळ पुन्हा टाईप करावी लागते, आणि कडही पुन्हा शोधावी लागते.