उकिरड्याची दैना आणि नारेगावचा नकार

१६ फेब्रुवारी २०१८ला औरंगाबादलगतच्या नारेगावच्या रस्त्यावर गावकरी आडवे उभे राहिले आणि कचऱ्याच्या गाड्या भरल्या तशाच माघारी फिरल्या. औरंगाबाद म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा रोजचा चारशे टनांहून जास्त कचरा तोवर तिथेच पडत होता, आणि तोही तीस वर्षांहून अधिक काळ. ‘ओला वेगळा, सुका वेगळा’ हे मराठवाड्यात कधी सुरू झालं, याचं सरकारी उत्तर वेगळं असेल. माझ्या लेखी ते त्या सकाळी सुरू झालं. शहराला शहाणपण सुचलं ते स्वच्छतेच्या प्रेमापोटी नव्हे, कचरा टाकायला जागाच उरली नाही म्हणून.

आपल्याकडे कचऱ्याची जागा वेशीबाहेरच. पण जुना उकंडा आणि आजचा डेपो यांत फरक आहे. उकंड्यावर शेण, राख, पाचोळा, खरकटं पडायचं आणि पेरणीच्या आधी तोच उकंडा बैलगाडीत भरून रानात जायचा. घरातलं बाकी काही उकंड्यापर्यंत पोचतच नसे. जुन्या लुगड्याची वाकळ व्हायची आणि वाकळ विरली की पायपुसणं. त्यातूनही धड राहिलेले कपडे बोहारणीला देऊन तिच्याशी तासभर घासाघीस करत एखादं पातेलं घ्यायचं. याला कुणी ‘पुनर्वापर’ म्हणत नव्हतं. आता त्या काटकसरीचं कौतुक करताना तिच्यामागची टंचाई विसरायला नको, एवढंच.

१९७२च्या दुष्काळानंतर खेड्यांतून माणसं शहराकडे आली. त्याच दशकात औरंगाबादेत सिडकोची वसाहत आकाराला येऊ लागली, पुढे वाळूजला कारखाने उभे राहिले. १९८२च्या डिसेंबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली. वस्ती वाढली तशी कचऱ्याची जातही बदलली. दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, थर्माकोल, गुटख्याचं पाकीट हे सगळं उकंड्यात कुजणारं नव्हतं. तरी टाकायची रीत मात्र उकंड्याचीच राहिली: गोळा करा आणि गावाबाहेर नेऊन ओता. गावाबाहेर म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी गावात, हे शहराच्या ध्यानातच आलं नाही. की ते ध्यानात घ्यायचंच नव्हतं?

कायदा नव्हता असं नाही. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून २०००चे घनकचरा नियम आले. कचरा वेगळा करा, त्यावर प्रक्रिया करा आणि उरेल तेवढाच जमिनीत पुरा, असं त्यांत स्वच्छ लिहिलं होतं. प्रक्रियेची सोय उभी करायला ३१ डिसेंबर २००३ची मुदत होती. ती देशभरातल्या बहुतेक शहरांनी जशी ओलांडली, तशीच आपल्याही शहरांनी ओलांडली. २०१६चे नियम याहून कडक आले. नारेगावच्या डोंगराला नियमांशी काही देणंघेणं नव्हतं, तो वाढतच होता. जळत्या प्लास्टिकचा धूर, माशा, मोकाट कुत्री, विहिरींना येणारा वास हे मांडकी, गोपाळपूर आणि आसपासच्या गावांच्या रोजच्या वाट्याला होतं. २०१७च्या दिवाळीच्या सुमारास तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा महापालिकेने मुदत मागून घेतली. मुदत संपली, कचरा नाही संपला. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, नारेगावला त्याच्या अडीचपटीहून जास्त थांबावं लागलं.

मग जे झालं ते आम्ही शहरात राहणाऱ्यांनी नाकाने अनुभवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आठवड्याभरात कंबरेएवढा ढीग झाला. कुणीतरी रात्री त्याला काडी लावायचं आणि सकाळी अर्धवट जळलेल्या ढिगावर कोणी पांढरी पावडर टाकून जायचं. नवी जागा शोधायला गाड्या जिकडे वळतील तिकडची माणसं रस्त्यावर येत होती. ७ मार्चला शहरालगतच्या मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. पुढे पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर धाडलं गेलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. त्याच महिन्याच्या २३ तारखेला राज्याची प्लास्टिकबंदी आली. हा योगायोगच, पण आमच्याकडे ती बंदी लोकांना फार सहज पटली.

त्या महिन्यांत वॉर्डावॉर्डात कंपोस्टचे खड्डे खणले गेले. एरवी नगरसेवकाला फोन करून मोकळे होणारे लोक बादल्या घेऊन खाली उतरले. नागरिकांनी उभी केलेली ‘सिव्हिक रिस्पॉन्स टीम’ही या धामधुमीत उतरली. स्वच्छता कामगारांना सोबत घेऊन गल्लीगल्लीत वर्गीकरण बसवायचं काम तिने हाती घेतलं. दारात उभं राहून ‘काकू, हे सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्या’ असं सांगणं सोपं नसतं. सांगणाराही लाजतो, ऐकणारीही. खरी चळवळ या लाजेच्या जागीच झाली, मोर्चात नाही.

पुढे चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूलला प्रत्येकी १५० टनांचे प्रक्रिया प्रकल्प आले, कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा ३० टनांचा. ते हवेच होते. पण मोठी यंत्रं आली तशी खड्ड्यांवरची माणसं पांगली, असं मला दिसलं. ‘आता महापालिका बघेल’ हे वाक्य पुन्हा कानावर यायला लागलं. त्यातून टिकलेलं काम म्हणजे खाम नदीचं. पाणचक्कीजवळून, छावणीजवळून वाहणारी ही नदी शहराने नाला म्हणूनच वापरली होती. २०२१च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, ‘इकोसत्त्व’ ही पर्यावरणाचं काम करणारी संस्था आणि ‘व्हॅरॉक’ ही कंपनी यांनी मिळून तिचे काठ साफ करायला घेतले आणि पुढे या कामाची जागतिक पातळीवरही दखल घेतली गेली.

लातूरची वाट निराळी. तिथे ‘जनाधार’सारख्या संस्थेने कचरा वेचणाऱ्या बायांनाच या कामात आणलं. रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. पाणी मोजून वापरणाऱ्याला कचराही मोजता येतो, असा माझा एक अंदाज आहे, पुरावा मागू नका. नांदेडला २००८मध्ये गुरू-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या त्रिशताब्दी सोहळ्यानिमित्त रस्ते-नाल्यांवर मोठा पैसा आला. कचऱ्याची सवय पैशाने बदलत नाही, हे तिथेही दिसलं.

आणि जालना. ‘जालना सोने का पालना’ म्हणायचे, आज तो सळईचा पाळणा आहे. तिथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि बांधकामाची सळई बाहेर पडते. मराठवाड्यातला सगळ्यात मोठा पुनर्वापर हाच, पण स्वच्छतेच्या कुठल्याही फलकावर त्याचं नाव नसतं. पत्रा वेचणारी बाई, तिच्याकडून किलोवर घेणारा भंगारवाला, त्याच्याकडून घेणारा ठोक व्यापारी आणि शेवटी भट्टी अशी ही साखळी कुणी अभियान काढून जोडलेली नाही. पोटाने जोडलेली आहे.

त्या साखळीतल्या पहिल्या कडीशी माझी ओळख दुधाच्या पिशवीमुळे झाली. प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट होती, पण रिकामी पिशवी परत दिली की पन्नास पैसे मिळावेत, अशी अट होती. आमच्या दुकानदाराने ते कधी दिले नाहीत, मीही भांडलो नाही. पिशव्या धुऊन, वाळवून गल्लीत येणाऱ्या मावशींना द्यायला लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी गठ्ठा उलटसुलट पाहिला.

“पिशव्या बऱ्याय, दादा. पण कोपरा पुरता कापू नका.”

“का हो मावशी?”

“पिशवी मी नेते. तो नखाएवढा तुकडा कोण उचलंल? नाली त्यानंच तुंबती.”

तेव्हापासून आमच्याकडे पिशवीला नुसती चीर देतात, कोपरा लोंबत राहतो. पाहुणे विचारतात, कात्रीला धार नाही का?