बदल ठरवताना कामगार कुठे होता?

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर येतं, लाइनची मांडणी बदलते किंवा वडिलांच्या खुर्चीवर मुलगा बसतो. पहिल्याच महिन्यात उत्पादन घसरतं. मालक वैतागून म्हणतो, "आपल्या लोकांना नवीन काही नकोच असते भाऊ!"

हे निदान तपासून पाहिलं गेलं, त्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवुड कंपनीत पायजमे शिवले जात. कामगार बहुतेक तरुण मुली. कामात जरा बदल केला की वेग घटायचा, कुरबुरी वाढायच्या, काही जणी काम सोडून जायच्या. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे केलेला प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला.

इस्त्री करणाऱ्या एका गटाला सांगण्यात आलं की पायजम्यांची अर्धा डझनाची चळत आता पुठ्ठ्यावर नको, डब्यात रचा. एवढाच बदल. कारण सांगितलं, नगामागे मिळणाऱ्या मजुरीचा नवा दर समजावला, प्रश्नांना उत्तरंही दिली. तरी वेग पडला तो पडलाच, आणि चाळीस दिवसांत १७ टक्के मुली निघून गेल्या. दुसऱ्या दोन गटांचे बदलही असेच किरकोळ होते. पण तिथे नवी पद्धत आणि नवा दर ठरवताना सगळ्यांना सोबत घेतलं होतं. त्यांचा वेग थोडा घसरला, लगेच सावरला आणि आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेला. एकीनेही काम सोडलं नाही.

मला यातला खरा पुरावा वाटतो तो पुढचा भाग. अडीच महिन्यांनी त्या पहिल्या गटातल्या उरलेल्या मुलींना पुन्हा नवं काम दिलं, पण या वेळी सोबत घेऊन. त्यांचाही वेग झपाट्याने सावरला. माणसं तीच होती, म्हणजे दोष स्वभावाचा म्हणता येत नाही.

अर्थात गट लहान होते. शिवाय १९६० साली नॉर्वेतल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात असाच प्रयोग झाला, तेव्हा उत्पादनात फरक दिसला नाही. तिथे कामगारांच्या हाती दिलेले निर्णय उत्पादनाशी फारसे निगडित नव्हते, हे त्याचं एक स्पष्टीकरण. मला ते पटतं. कँटीनचा मेनू विचारायचा आणि शिफ्टचा वेग केबिनमध्ये ठरवायचा, हा सहभाग कामगार पहिल्याच दिवशी ओळखतो.

नागपूरकरांना यासाठी व्हर्जिनिया गाठायची गरज नाही म्हणा. जुम्मा तलावाजवळ, आज मॉल आहे तिथे, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले, त्यांना गिरणीचा अनुभव नव्हता. इंग्लंडच्या गिरणीवाल्यांचा रिंग स्पिंडलवर, म्हणजे सूत कातायच्या नव्या प्रकारच्या चातीवर, भरवसा नव्हता, त्या काळात टाटांनी तिची इथे चाचणी घेतली आणि मग ती स्वीकारली. दुसरीकडे कामगारांची गैरहजेरी प्रचंड होती. नुसता दंड वाढवण्याऐवजी १८८६ साली निवृत्तिवेतन निधी सुरू झाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई. कामगारांना विचारून हे ठरलं असा दावा मी करणार नाही. पण नव्या यंत्राचा धोका मालकाने पत्करला आणि कामगाराच्या उद्याचीही काही सोय केली, हे दोन्ही एकाच गिरणीत घडलं.

आता बदल नीट चाललाय की नाही, हे ओळखायचं कसं? अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या. १९९६ साली छापलेल्या त्या अभ्यासात चांगल्या टीमच्या चुका जास्त निघाल्या! त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, न घाबरता सांगत होत्या, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणून नवी प्रणाली बसल्यावर महिनाभरात एकही तक्रार केबिनपर्यंत आली नसेल, तर पेढे वाटण्याआधी रात्रपाळीच्या सुपरवायझरला गाठावं. स्क्रीनवर एक आकडा आणि खिशातल्या वहीत दुसरा, असं काही चाललंय का, ते त्यालाच ठाऊक असतं.