गाइडला डोंगराची ओढ कधी लागली?

गिर्यारोहण किंवा राफ्टिंगच्या गाइडचा परिचय वाचला की ओढ, ध्यास, वेड हे शब्द हटकून भेटतात. शिक्षण एका विषयातलं, चार वर्षं नोकरी, मग राजीनामा आणि डोंगर. पण या पेशात ओढ फार उशिरा आली. आधी होतं ते पोट.

आल्प्समधलं माँ ब्लाँ शिखर ८ ऑगस्ट १७८६ रोजी पहिल्यांदा सर झालं. वर पोचलेल्या दोघांत एक पायथ्याच्या शामोनी गावचा डॉक्टर होता, तर दुसरा कपारींतले स्फटिक काढून विकणारा गावकरी. जिनिव्हाच्या एका अभ्यासकाने १७६० साली वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं होतं, त्यावर या गावकऱ्याचा डोळा होता. पहिल्या पिढीतले बरेच गाइड असेच: स्फटिक शोधणारे, शिकारी, गुरं राखणारे. बर्फ त्यांना पायाने कळायचा.

पुढचं वळण १८२० सालचं, माँ ब्लाँवरचंच. ताजा बर्फ पडलेला, गाइड पुढे जायला नाखूश, तरी ज्यांनी पैसे मोजले होते त्यांचा आग्रह चालला. हिमलोट आला आणि तीन गाइड हिमनदीच्या भेगेत गेले. ४१ वर्षांनी, १८६१ साली, हिमनदीच्या पायथ्याशी त्यांचे अवशेष, कपडे, कंदिलाचे तुकडे बाहेर येऊ लागले. त्या दिवशी वाचलेला एक गाइड तेव्हा हयात होता, त्यालाच ते ओळखावे लागले.

अपघातानंतर वर्षभरात शामोनीच्या गाइडांनी आपली संघटना उभी केली आणि मृतांच्या कुटुंबांसाठी निधी ठेवला. त्याबरोबर आला तो वादग्रस्त नियम: कामं नंबराप्रमाणे मिळणार. यादीत ज्याची पाळी, तो तुमचा गाइड. आवडनिवड नाही. १८५० च्या दशकात ब्रिटिश गिर्यारोहक यावर भडकले. अवघड कड्यावर ज्याच्या हातात दोर द्यायचा तो माणूस आम्हीच निवडणार, हे त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतंच, आणि अवघड चढायांसाठी पुढे सवलत द्यावी लागली. तरीही मला हा नियम मूर्खपणाचा वाटत नाही. पाटाचं पाणी जसं पाळीने सोडतात, तसाच हा हिशोब होता. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. नावाजलेल्या चौघांनीच कामं उचलली तर बाकीच्या घरांनी हिवाळा कशावर काढायचा? नियमाचा खरा दोष वेगळा होता. गाइड म्हणजे खोऱ्यात जन्मलेला माणूस, हे त्याने गृहीत धरलं. बाहेरून आलेल्याला संघटनेचं दार विसाव्या शतकापर्यंत बंद राहिलं.

हिमालयात हीच गोष्ट दुसऱ्या रूपात घडली. शेर्पा हे एका समाजाचं नाव. परदेशी मोहिमांनी ते कामाचं नाव करून टाकलं. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिमलोटाखाली सात जण गेले, सातही ओझं वाहणारे. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात गेलेले सोळाही नेपाळी कामगारच होते. त्यानंतर सहकाऱ्यांनी चढायला नकार दिला आणि नेपाळच्या बाजूचा तो हंगाम जवळपास तिथेच संपला. त्यांच्या ओढीबद्दल बोलताना हे आधी सांगायला हवं.

दरम्यान युरोपात दार उघडलं. १९६५ साली आल्प्सच्या चार देशांतल्या गाइड संघटना एकत्र आल्या आणि हळूहळू खडक, बर्फ, स्की अशा सगळ्या कौशल्यांचं एकच प्रमाणपत्र इतर देशांतही मान्य झालं. फ्रान्समध्ये पहिली महिला गाइड व्हायला मात्र १९८३ उजाडलं. आता प्रशिक्षणाच्या दारात कुणी जन्मगाव विचारत नाही. उमेदवाराकडे यादी मागतात: आजवर स्वतःहून, पैसे न घेता, कुठल्या कुठल्या वाटा चढलात?