खेकडा भजी आणि गोल कांदाभजी: फरक पाण्याचा

पन्हाळ्यावर पावसाळी धुक्यात गाडी थांबवून ‘एक प्लेट कांदाभजी’ म्हटले, की समोर नेमके काय येईल हे त्या टपरीवर अवलंबून असते. कधी गोल, मऊ, आतून जाळीदार भजी येतात, तर कधी काड्यांसारखे पाय चहूकडे पसरलेली, हातात घेताच मोडणारी खेकडा भजी येतात. कांदा, बेसन आणि तेल दोन्हींत सारखेच असल्यामुळे अनेक घरांत एकाच पिठातून दोन्ही होतील असा समज असतो, आणि मग खेकडा भजी करायला घेतली तरी ताटात गोल भजीच पडतात.

दोन्हींतला खरा फरक पीठ भिजवणारे पाणी कोठून येते, यात आहे. गोल भज्यांसाठी कांदा बारीक चिरून बेसनात घालतात, वरून पाणी ओतून सरबरीत पीठ भिजवतात आणि चिमूटभर सोडा टाकतात. सोड्यामुळे तळताना वायू सुटतो, पीठ फुगते आणि आत जाळी पडते. हे पीठ बोटांवरून ओघळू नये, गोळ्याने तेलात पडावे, एवढे सांभाळले की गोल भजी सहसा बिघडत नाहीत.

खेकडा भज्यांत मात्र वरून पाण्याचा थेंबही घालायचा नसतो. कांद्यात वजनाच्या सुमारे 89 टक्के पाणी असते आणि मीठ लावले की ते आपोआप बाहेर येऊ लागते. तीन मध्यम कांदे उभे, पातळ चिरून पाकळ्या हाताने मोकळ्या कराव्यात, त्यांना एक लहान चमचा मीठ चोळावे आणि दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. त्यानंतर पाऊण वाटी बेसन आणि दोन चमचे तांदळाचे पीठ, ओवा, लाल तिखट व कोथिंबीर यांसह, थोडे थोडे भुरभुरत मिसळावे. प्रत्येक पाकळीला पिठाचा पातळ लेप बसला, पण भांड्याच्या तळाशी पीठ साचले नाही, की थांबावे. सगळे बेसन संपवलेच पाहिजे असे नाही. घाईने सुरुवातीलाच कोरडे वाटते म्हणून पाणी शिंपडणारे येथेच फसतात, कारण कांदा पुढच्या पाच मिनिटांत आणखी पाणी सोडतो आणि मिश्रण पातळ होते.

कुरकुरीतपणा येतो तो पाणी वाफ होऊन निघून गेल्यामुळे. पातळ लेपातून वाफ लवकर सुटते, जाड पिठाच्या गोळ्यातून ती सुटत नाही; म्हणूनच खेकडा भजी तेलात सोडताना मूठ आवळू नये, बोटांनी मिश्रण विस्कटून पसरट सोडावे. तेल आधी चांगले तापवून भजी सोडल्यावर आच मध्यम करावी आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळावे. मोठ्या आचेवर बेसन आधी करपते आणि कांदा ओलाच राहतो. सोडा येथे टाळलेलाच बरा, कारण त्याने लेप फुगून मऊ पडतो आणि तेलही जास्त पितो.

कोल्हापुरात जिला नुसती ‘चटणी’ म्हणतात, तो कांदा-लसूण मसाला घालण्याचा मोह आपल्याकडे फार. गोल भज्यांना तो शोभतो. खेकडा भजी जास्त वेळ तेलात राहतात आणि चटणीतला लसूण व खोबरे करपून कडू लागतात, म्हणून त्यांत साधे लाल तिखटच घालावे, असे माझे मत आहे.

कांद्याचा हंगामही येथे आड येतो. पावसाळ्यात आपण बहुधा साठवणीचा उन्हाळी कांदा वापरतो. तो काहीसा सुकलेला असल्याने त्याला पीठ कमी लागते. खरिपाचा नवा लाल कांदा अधिक पाणीदार असतो, तेव्हा तांदळाचे पीठ चमचाभर वाढवावे.

तळून झाल्यावर खेकडा भजी चाळणीत उघडी ठेवावीत. डब्यात झाकली की स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात. गोल भज्यांना तेवढी घाई नसते, आणि उरलीच तर ती संध्याकाळच्या आमटीत सोडता येतात, कारण त्यांची जाळी रस्सा शोषून घेते. खेकडा भजी आमटीत टाकली, तर काही क्षणांत लेप सुटून नुसता शिजलेला कांदा उरतो.