सिस्टीम लॉग (संगणक दोषशोध)

सिस्टीम लॉग म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) आणि पडद्यामागे चालणाऱ्या सेवा यांनी स्वतःच लिहिलेली, वेळेनिशी लागत जाणारी नोंदवही. मशीन अचानक बंद पडणे, निळा पडदा येणे, डिस्क अडखळणे अशा तक्रारींचे मूळ घरच्या घरी शोधायला ती उपयोगी पडते. विंडोजमध्ये ही सोय १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ पासून आहे. युनिक्स या कार्यप्रणालीचा सिसलॉग त्याहून जुना. एरिक ऑलमन यांनी तो १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिला.

विंडोज १० व ११ मध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडावा आणि डावीकडे विंडोज लॉग्ज, त्याखाली सिस्टीम निवडावे. उजवीकडच्या फिल्टर करंट लॉगमध्ये क्रिटिकल, एरर व वॉर्निंग एवढ्यांवरच खूण केली की पसारा आटोक्यात येतो. लाल खुणा मोजत बसू नये, त्या धडधाकट मशीनवरही असतात. डिस्ट्रिब्युटेडकॉम १००१६ ही नोंद तर जवळपास सगळीकडे दिसते आणि ती सोडून द्यावी. ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणत फोन करणारे भामटे नेमक्या याच खुणा दाखवून घाबरवतात.

सर्वाधिक गैरसमज कर्नल-पॉवर ४१ या नोंदीबद्दल आहे. ती दिसली की एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायची घाई होते. प्रत्यक्षात ‘मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झाले नव्हते’ एवढेच ती सांगते. तिच्यावरची वेळही बिघाडाची नसते, पुन्हा सुरू झाल्याची असते. मशीन केव्हा गेले हे इव्हेंट ६००८ या नोंदीच्या मजकुरात मिळते. त्या मिनिटाच्या आधीच्या नोंदी खालून वर वाचाव्यात, कारण नवी नोंद वर लागते. मग ४१ च्या डिटेल्स टॅबमध्ये बगचेककोड (निळ्या पडद्याचा त्रुटी क्रमांक) पाहावा. तो शून्य असेल तर वीज गेली, मशीन गोठले किंवा कोणी बटण दाबून धरले. शून्य नसेल तर निळा पडदा आला होता. हा आकडा दशमान असतो, तो षोडशमानात (१६ च्या पायावर) बदलून शोधावा: २९२ म्हणजे ०x१२४, हार्डवेअरचा दोष. दर खेपेला वेगळाच कोड येत असेल तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांवर. पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबराने पुसाव्यात, एकेक पट्टी लावून विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक चालवावे; त्याचा निकालही सिस्टीम लॉगमध्येच उमटतो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये बिलिंगचा पीसी आणि वेल्डिंग सेट एकाच फेजवर असला, तर शून्य कोडाची ४१ वारंवार येऊ शकते. मोठा भार सुरू होताना व्होल्टेज दबते. वीज तुटल्यावर एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, आणि ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते. दिवा नुसता लुकलुकला तरी पीसी रिस्टार्ट होतो तो यामुळे. अशा ठिकाणी ६००८ च्या वेळा कागदावर काढून यंत्रे सुरू करण्याच्या वेळांशी ताडाव्यात. जुळल्या, तर काम सेव्ह करून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून पाहावा. पीसी जागीच बंद पडला तर आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी संपलेली असण्याचा संभव मोठा. वेळा जुळल्याच नाहीत, मगच एसएमपीएसकडे वळावे.

डिस्क या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद खराब ब्लॉक सांगते. ती दिसली की बाकी सगळे बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्यावा. १२९ व १५३ मध्ये डिस्क वेळेत उत्तर देत नसते. तिथे डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून पाहणे स्वस्त पडते. मात्र नोंदीतला हार्डडिस्क क्रमांक जरूर पाहावा. मोजणी शून्यापासून असते, त्यामुळे ‘हार्डडिस्क १’ ही दुसरी डिस्क, आणि ती कित्येकदा घाईने उपटलेला पेनड्राइव्हच निघते.

एखादेच सॉफ्टवेअर बंद पडत असेल तर ॲप्लिकेशन लॉगमधली १००० ही नोंद वाचावी. फॉल्टिंग मॉड्यूलपुढे दोषी फाइलचे नाव असते. बारकाव्यात शिरायचे नसेल त्यांना रिलायबिलिटी हिस्टरी हा विंडोजमधला बिघाडांचा दिवसवार आलेख पुरतो. लिनक्सवर जर्नलसीटीएल हा आदेश ‘-बी -१’ जोडून (journalctl -b -1) दिला की मागच्या बूटच्या, म्हणजे मशीन मागच्या वेळी सुरू असतानाच्या, नोंदी मिळतात, पण जर्नल डिस्कवर साठवले जात असेल तरच.

तारखांचा घोळ दिसला तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी तपासावी. डिटेल्समधील एक्सएमएल वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. सिस्टीम लॉगची मर्यादा मुळात २० एमबी असते, भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात; फॉरमॅटमध्ये तर सगळ्याच जातात. म्हणून मशीन दुरुस्तीला देण्याआधी ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज’ने लॉगची फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि मशीनसोबत द्यावी.